सिनिओलची कॅप्सूल: श्वासनलिकांसाठी पुरावा किती भक्कम?

खोकला, कफ आणि श्वासनलिकांचा दाह यांवर वनस्पतिजन्य म्हणून जी उत्पादने विकली जातात, त्यांतल्या बहुतेकांचे दावे मोठे आणि पुरावा तोकडा असतो. शुद्ध सिनिओलची कॅप्सूल हा त्याला लक्षणीय अपवाद आहे, आणि म्हणूनच तिचे परीक्षण नेहमीपेक्षा अधिक बारकाईने व्हायला हवे. निलगिरीच्या तेलातला प्रमुख घटक वेगळा काढून, शुद्ध करून, १०० किंवा २०० मिलिग्रॅम असा मोजून मऊ कॅप्सूलमध्ये भरायचा आणि ती कॅप्सूल जठरात न विरघळता लहान आतड्यात विरघळेल असे आवरण तिला द्यायचे, असे या उत्पादनाचे स्वरूप आहे. माझे मत आधीच नोंदवून ठेवावेसे वाटते. ज्यांना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊन धाप लागण्याचा दीर्घकालीन फुफ्फुसविकार, आहे, ज्यांचे नेहमीचे उपचार नीट चालू आहेत आणि तरीही थंडीच्या दिवसांत ज्यांची प्रकृती एकदा तरी ढासळतेच, त्यांनी डॉक्टरांशी बोलून ही कॅप्सूल जोडीला घेऊन पाहावी इतपत पुरावा उपलब्ध आहे. साध्या खोकल्यात तिचा लाभ थोडा आहे, आणि इनहेलर बाजूला ठेवून तिच्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

सिनिओल हा काही नवा शोध नव्हे. ऑस्ट्रेलियात जोसेफ बोसिस्टो यांनी १८५२ मध्ये निलगिरीच्या पानांपासून तेलाचे व्यापारी उत्पादन सुरू केले. १८७० मध्ये क्लोएझ या रसायनशास्त्रज्ञाने त्या तेलातला मुख्य घटक ओळखून त्याला युकॅलिप्टॉल हे नाव दिले. सिनिओल आणि युकॅलिप्टॉल ही एकाच संयुगाची दोन नावे आहेत. ज्यांना १९१० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले त्या ओटो वालाख यांनीही सुगंधी तेलांतल्या घटकांवर पद्धतशीर काम करताना त्याचा अभ्यास केला होता. रेणूत दहा कार्बन, अठरा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, वर्ग मोनोटर्पीनचा. वेलदोड्यात आणि रोझमेरीतही तो असतो, पण औषधासाठी तो प्रामुख्याने निलगिरीच्या तेलातूनच मिळवतात. युरोपीय औषधसंहितेनुसार औषधी निलगिरी तेलात किमान ७० टक्के सिनिओल असावे लागते. म्हणजे उरलेल्या भागात पायनीन, लिमोनीन आणि इतर घटक कमीजास्त प्रमाणात असू शकतात. तेलाच्या दोन बाटल्या एकसारख्या असतीलच असे नाही, शुद्ध सिनिओलच्या दोन कॅप्सूल मात्र असायलाच हव्यात, आणि वैज्ञानिक चाचणीच्या दृष्टीने हाच या उत्पादनाचा पहिला मोठा गुण आहे. काय दिले आणि किती दिले हे नेमके ठाऊक असल्याखेरीज कशाचा परिणाम झाला हे सांगताच येत नाही.

कॅप्सूल सुईने टोचून पाहिली तर आतून पाण्यासारखा पातळ, रंगहीन द्रव निघतो आणि कापराची आठवण करून देणारा उग्र वास लगेच पसरतो. थेंब जिभेवर ठेवला की आधी गारवा जाणवतो आणि मागोमाग तो झोंबू लागतो. या गारव्याविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण निलगिरीयुक्त मलमे, वाफारे आणि गोळ्या यांच्या लोकप्रियतेचे मूळ त्यातच आहे. त्वचेतल्या आणि नाकातल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारे टीआरपीएम-८ नावाचे ग्राहक (रिसेप्टर) असतात. मेंथॉल त्यांना चेतवते आणि सिनिओलही चेतवते. परिणामी प्रत्यक्षात हवा थंड नसताना किंवा अधिक आत जात नसतानाही नाक मोकळे झाल्यासारखे वाटते. कार्डिफ येथील रोनाल्ड एकल्स यांनी मेंथॉलवर केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले होते. मेंथॉल हुंगल्यावर श्वास सुलभ झाल्याचे लोकांनी सांगितले, परंतु नाकातून जाणाऱ्या हवेला होणारा विरोध मोजला तेव्हा त्यात फरक पडलेला नव्हता. आराम वाटणे ही आजारी माणसासाठी क्षुल्लक गोष्ट नाही आणि मी तिला कमी लेखत नाही. तथापि वासाने मिळालेला आराम हा श्वासनलिकांतला दाह कमी झाल्याचा पुरावा ठरत नाही. कॅप्सूलच्या बाबतीत हा घोटाळा बराचसा टळतो. औषध आतड्यातून रक्तात शोषले जाते, रक्तावाटे फुफ्फुसांत पोहोचते आणि काही अंश उच्छ्वासातून बाहेर पडतो, त्यामुळे श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराशी त्याचा संबंध खरोखर येतो.

तिथे पोहोचून ते काय करते, याचा अभ्यास बॉन येथे युर्गेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून केला आहे. रक्तातल्या मोनोसाइट पेशींवर प्रयोगशाळेत सिनिओल टाकले असता त्या पेशींतून बाहेर पडणारी दाहकारक द्रव्ये, म्हणजे टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१ बीटा, ल्युकोट्राइन बी-४ आणि त्यांच्या जोडीची काही इतर, कमी झाल्याचे आढळले. पुढच्या संशोधनात, दाहाशी संबंधित अनेक जनुके जागी करणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाच्या हालचालीला सिनिओल अटकाव करते असे दिसले, आणि श्लेष्मा तयार करणाऱ्या जनुकांवरही त्याचा परिणाम नोंदला गेला. त्यामुळे सिनिओल केवळ कफ पातळ करणारे द्रव्य असल्याची जुनी समजूत अपुरी ठरते. दाह शमवणे हे त्याचे अधिक महत्त्वाचे काम असावे असे आता मानले जाते. मात्र पेशींवरचे प्रयोग कितीही सुबक असले तरी पात्रातली पेशी आणि चाळीस वर्षे धूम्रपान केलेल्या माणसाची श्वासनलिका यांत फार मोठे अंतर असते. अनेक वनस्पतिजन्य संयुगे पात्रात दाह शमवतात आणि माणसात निष्प्रभ ठरतात. म्हणून या भागाला मी केवळ तर्काला आधार म्हणून किंमत देतो. खरा निवाडा रुग्णांवरच्या चाचण्यांतूनच व्हायला हवा.

त्यांतली सर्वांत महत्त्वाची चाचणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्थ आणि सहकाऱ्यांनी जर्मनीत मध्यम ते तीव्र सीओपीडी असलेले २४२ रुग्ण निवडले आणि त्यांचे चालू उपचार तसेच ठेवून, हिवाळ्याच्या सहा महिन्यांत एका गटाला दिवसातून तीनदा २०० मिलिग्रॅम सिनिओल आणि दुसऱ्या गटाला तशीच दिसणारी निष्क्रिय कॅप्सूल दिली. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरलाही. आजाराच्या उसळ्या किती आल्या, किती दिवस टिकल्या आणि किती तीव्र होत्या, यांचा एकत्रित विचार हा मुख्य निकष होता. सीओपीडीत उसळी म्हणजे धाप अचानक वाढणे, कफ वाढणे, त्याचा रंग बदलणे आणि नेहमीची औषधे पुरेनाशी होणे. अशी प्रत्येक उसळी माणसाला आधीपेक्षा थोडे खाली आणून सोडते, आणि गमावलेले सगळे परत मिळतेच असे नाही. त्यामुळे हा निकष मला अगदी योग्य वाटतो. सहा महिन्यांनी हिशेब मांडला तेव्हा विश्लेषणातल्या दोन्ही गटांत प्रत्येकी ११० रुग्ण होते. सिनिओल घेणाऱ्यांपैकी ३१ जणांना, म्हणजे २८.२ टक्क्यांना, उसळी आली. दुसऱ्या गटात ५० जणांना, म्हणजे ४५.५ टक्क्यांना आली. सरासरी उसळ्यांचे प्रमाण अनुक्रमे ०.४ आणि ०.९ होते.

या आकड्यांचा अर्थ व्यवहाराच्या भाषेत असा, की सहा महिने औषध घेणाऱ्या दर शंभर रुग्णांमागे सुमारे सतरा जणांची उसळी टळली, किंवा साधारण सहा जणांनी औषध घेतले तेव्हा त्यांतल्या एकाला असा लाभ झाला. एका वनस्पतिजन्य संयुगासाठी हा परिणाम मोठाच म्हणावा लागेल, आणि खरे सांगायचे तर इतका मोठा परिणाम पाहून मी जरा सावध होतो. लहान चाचण्यांत दिसलेले मोठे परिणाम पुढच्या मोठ्या चाचण्यांत आक्रसतात, असा वैद्यकशास्त्राचा नेहमीचा अनुभव आहे. तुलनेसाठी कार्बोसिस्टीन या कफ पातळ करणाऱ्या औषधाचे उदाहरण घेता येईल. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधल्या चाचणीत ७०९ रुग्णांनी वर्षभर ते औषध किंवा निष्क्रिय गोळी घेतली, आणि वर्षाकाठी उसळ्यांचे सरासरी प्रमाण १.३५ वरून १.०१ वर आल्याचे दिसले. तिथला फरक कमी आहे, परंतु रुग्ण जवळजवळ तिप्पट आणि कालावधी दुप्पट असल्यामुळे त्यावर अधिक निश्चिंतपणे भार टाकता येतो. सिनिओलची अशी मोठी, वर्षभराची चाचणी झाली तर सध्या ०.४ आणि ०.९ मध्ये दिसणारे अंतर बहुधा कमी होईल. पूर्णपणे पुसले जाईल असे मात्र मला वाटत नाही.

दम्यावरची २००३ सालची चाचणी आकाराने लहान असली तरी तिची मांडणी मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. युर्गेन्स यांनी असे ३२ रुग्ण घेतले ज्यांना दमा आटोक्यात ठेवण्यासाठी प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड तोंडाने रोज घ्यावे लागत होते. प्रत्येकाला कमीत कमी किती मात्रेवर भागते हे आधी दोन महिने पाहून ठरवले, मग बारा आठवडे सिनिओल किंवा निष्क्रिय कॅप्सूल दिली, आणि दर तीन आठवड्यांनी स्टेरॉइडची मात्रा अडीच मिलिग्रॅमने कमी करून रुग्ण ती घट सोसतो का, हे तपासले. सिनिओलच्या गटात स्टेरॉइडची रोजची मात्रा सरासरी ३६ टक्क्यांनी, म्हणजे ३.७५ मिलिग्रॅमने खाली आणता आली. दुसऱ्या गटात ती केवळ ७ टक्क्यांनी उतरली. सोळांपैकी बारा जणांना मात्रा घटवता आली, तर दुसऱ्या गटात सोळांपैकी चौघांनाच. वर्षानुवर्षे तोंडाने स्टेरॉइड घेणाऱ्या माणसाची हाडे ठिसूळ होतात, रक्तातली साखर वाढते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो, कातडी कागदासारखी पातळ होते. त्याच्यासाठी पावणेचार मिलिग्रॅमची घट ही मोठी सुटका आहे. दाह शमवण्याचा गुण या औषधात खरोखर आहे का, या प्रश्नाला इतके थेट भिडणारी दुसरी चाचणी या विषयात नाही. अर्थात ३२ हा आकडा लहान आहे, आणि ही घट डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने केलेली होती. तोंडाने घ्यायचे स्टेरॉइड स्वतःच्या मनाने कमी करणे किंवा एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते. ही चाचणी वाचून कोणीही तसे करू नये, हे मी अतिशय कळकळीने लिहीत आहे.

२०१२ मध्ये दम्याच्या २४७ रुग्णांवर सहा महिन्यांची आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात फुफ्फुसांची क्षमता, रात्रीचा त्रास आणि जीवनमान या तिन्हींचा मिळून विचार केला होता, आणि नेहमीच्या उपचारांना सिनिओलची जोड दिलेल्यांची स्थिती अधिक सुधारल्याचे आढळले. दिशा आधीच्या चाचणीशी जुळते.

आता साध्या, तीव्र श्वासनलिकादाहाकडे वळू, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात ब्राँकायटिस म्हणतो. याच्या बाबतीत कोणतेही औषध तपासताना एक गोष्ट समोर ठेवावी लागते, ती म्हणजे हा आजार आपोआप बरा होतो, मात्र लोकांना वाटते त्यापेक्षा बराच सावकाश. २०१३ मधल्या एका आढाव्यानुसार असा खोकला सरासरी सुमारे अठरा दिवस टिकतो, तर लोकांची अपेक्षा साधारण आठवडाभराची असते. आठव्या-नवव्या दिवशी माणूस कंटाळून औषध घेतो, त्यानंतर खोकला त्याच्या ठरलेल्या गतीने उतरू लागतो आणि श्रेय औषधाला मिळते. बहुतेक वेळा विषाणूंमुळे होणाऱ्या या आजारात प्रतिजैविकांचाही असाच गैरसमजाने गौरव होतो. त्यामुळे इथे निष्क्रिय गोळीशी केलेली तुलना अपरिहार्य ठरते. तशी एक चाचणी २०१३ मध्येच फिशर आणि डेथलेफसेन यांनी २४२ रुग्णांवर केली. दहा दिवसांच्या उपचारात चौथ्या दिवशी लक्षणांचे एकत्रित गुण सिनिओलच्या गटात अधिक उतरले होते, आणि सर्वांत स्पष्ट फरक खोकल्याच्या उबळींच्या संख्येत होता. म्हणजे आजाराच्या ऐन जोरात उबळी काहीशा कमी येतात. झोप न लागणाऱ्या माणसाला तेवढ्यानेही हायसे वाटेल, पण त्यापलीकडे फार काही हाती लागेल अशी अपेक्षा ठेवू नये. एरवी प्रकृती धडधाकट असलेल्याने असा खोकला औषधाविना जाऊ दिला तरी बिघडत नाही.

नाकाभोवतीच्या पोकळ्यांच्या दाहाबाबतचा २००४ चा निकाल याहून ठळक आहे. केर्ल आणि सहकाऱ्यांच्या १५२ रुग्णांत सुरुवातीला दोन्ही गटांचे लक्षणगुण सारखेच, म्हणजे १५.६ होते, सात दिवसांनी सिनिओलच्या गटात ते ३.० वर आणि दुसऱ्या गटात ९.२ वर आले. हा विषय श्वासनलिकांचा नसला तरी अस्तर एकाच जातीचे आहे, म्हणून त्याची नोंद इथे अप्रस्तुत नाही.

इतके सगळे अनुकूल असताना पूर्ण समाधान का होत नाही, हे आता सांगणे भाग आहे. वर उल्लेखलेल्या सिनिओलच्या पाचही चाचण्यांच्या लेखकांमध्ये डेथलेफसेन हे नाव समान आहे. त्यात गैर काही नाही. विषयाला वाहिलेले संशोधक असे एकाच वाटेवर वर्षानुवर्षे काम करत असतात. परंतु ज्यांचा आधीच्या कामाशी काही संबंध नाही अशा दुसऱ्या कोणी, दुसऱ्या देशात, तीच चाचणी पुन्हा करून तोच निकाल मिळवला, की विश्वास जसा दृढ होतो, तसा तो इथे व्हायचा बाकी आहे. संशोधन मुख्यतः जर्मनीत झाले आहे, आणि या क्षेत्रातल्या चाचण्यांना औषध बनवणाऱ्यांचे पाठबळ असते हेही वाचकाने ध्यानात घ्यावे. आणखी एक अडचण मला या सर्वांहून गंभीर वाटते. सिनिओल उच्छ्वासातून बाहेर पडते आणि त्याचा वास लपत नाही. कॅप्सूल बाहेरून कितीही सारखी दिसली तरी दोन दिवसांत रुग्णाला, आणि कदाचित त्याच्या घरच्यांनाही, आपल्याला खरे औषध मिळत असल्याचा अंदाज येऊ शकतो. एकदा तो आला, की खोकला कमी वाटतो का, झोप बरी लागते का, अशा प्रश्नांची उत्तरे आपसूक अनुकूल बाजूला झुकतात. लक्षणगुणांवर आधारलेल्या निकालांना याची बाधा अधिक, स्टेरॉइडच्या मिलिग्रॅमना थोडी कमी आणि प्रतिजैविके द्यावी लागलेल्या तीव्र उसळ्यांना सर्वांत कमी. म्हणूनच मी सायनसच्या झगमगीत आकड्यांपेक्षा सीओपीडी आणि स्टेरॉइड घटवण्याच्या चाचण्यांना अधिक वजन देतो.

श्वासनलिकांसाठी वापरल्या जाणाऱ्या इतर वनस्पतींशी तुलना केली तर सिनिओलचे स्थान अधिक स्पष्ट होते. पेलार्गोनियमच्या मुळांचा अर्क तीव्र खोकल्यासाठी बराच अभ्यासला गेला आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१९ च्या मार्गदर्शनात, पुरावा मर्यादित असल्याचे नमूद करून, स्वतःहून घेऊन पाहता येईल अशा गोष्टींत मधासोबत त्याचाही उल्लेख केला. आयव्हीच्या पानांचा अर्कही युरोपात पुष्कळ खपतो. परंतु हे दोन्ही अर्क आहेत. त्यांत अनेक संयुगे एकत्र असतात आणि परिणामाचे श्रेय कोणाला द्यायचे हे उलगडत नाही. अडुळशाची कथा वेगळी आणि माझ्या मते अधिक बोधप्रद आहे. त्यातल्या वासिसीन या अल्कलॉइडच्या रचनेवरून ब्रोमहेक्झिन घडवले गेले, आणि ब्रोमहेक्झिनचे शरीरात जे रूपांतर होते त्यातून अँब्रोक्सॉल मिळाले. कफाच्या असंख्य औषधांत आज हे दोन रेणू असतात. वनस्पतीतले नेमके द्रव्य शोधून, त्याची मात्रा ठरवून ते तपासण्याची ही वाट आहे, आणि सिनिओल त्याच वाटेवरचे आहे.

उत्पादन म्हणून वापरायला ही कॅप्सूल कशी आहे? गिळायला सोपी आहे. २०० मिलिग्रॅमचीही आकाराने त्रासदायक नाही. जेवणाआधी अर्धा तास, साध्या किंवा गार पाण्याबरोबर ती घ्यायची असते, आणि ही सूचना गांभीर्याने पाळावी. मी भरल्या पोटी घेतली तेव्हा कॅप्सूल अन्नासोबत जठरातच रेंगाळली असावी, कारण पुढचे दोन-तीन तास कापराच्या वासाचे ढेकर येत राहिले. रिकाम्या पोटी हा त्रास जवळजवळ झाला नाही. ती चावायची नाही, फोडून पाण्यात घालायची नाही. आवरण फुटले की सिनिओल घशाला आणि जठराला झोंबते आणि आवरणाचा हेतूच निकामी होतो. चाचण्यांत दिसलेले दुष्परिणाम बहुतांशी पोटाचे आहेत: मळमळ, छातीत जळजळ, क्वचित जुलाब. ज्यांना जठराचा, आतड्याचा किंवा पित्तमार्गाचा दाह आहे अथवा यकृताचा गंभीर आजार आहे त्यांनी ती टाळावी. सिनिओलचे विघटन यकृतातल्या ज्या विकरांकडून (एन्झाइमांकडून) होते तीच विकरे इतर अनेक औषधेही हाताळतात, त्यामुळे रोज चार-पाच गोळ्या घेणाऱ्या वयस्क माणसाने डॉक्टरांना सांगितल्याशिवाय यात भर घालू नये. गर्भवतींनीही हाच नियम पाळावा.

लहान मुलांच्या बाबतीत मी कोणतीही सवलत देणार नाही. दोन वर्षांखालील मुलांच्या नाकाजवळ किंवा चेहऱ्यावर सिनिओल, निलगिरीचे तेल, कापूर किंवा मेंथॉल असलेले काहीही लावू नये, कारण त्याने स्वरयंत्राचे आकुंचन होऊन श्वास अडकू शकतो. तेलाची बाटली तर याहून धोक्याची. चहाच्या चमच्याएवढे निलगिरीचे तेल पोटात गेल्यानेही मुलांना गुंगी आणि झटके आल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. कॅप्सूलचे आवरण पाहून मुलांना ती गोड गोळी वाटू शकते; तिची जागा कुलपात.

खरेदी करताना वेष्टनावर काय वाचावे, याबाबत तीन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. सिनिओल किती मिलिग्रॅम आहे हे स्पष्ट लिहिलेले असावे. केवळ निलगिरी तेल किंवा वनस्पतिजन्य मिश्रण असे मोघम लिहिले असेल तर वरच्या कोणत्याही चाचणीचा हवाला त्या उत्पादनाला देता येणार नाही. कॅप्सूल आतड्यात विरघळणारी आहे असा उल्लेख हवा. आणि दिवसाची एकूण मात्रा चाचण्यांतल्या मात्रेशी, म्हणजे ६०० मिलिग्रॅमशी जुळते का ते पाहावे, कारण अनेक पूरक उत्पादनांत हाच घटक नावापुरता घालून मोठ्या संशोधनाचे दाखले दिले जातात. फुफ्फुसे स्वच्छ करते, श्वासनलिका बळकट करते, विषद्रव्ये बाहेर टाकते, अशा वाक्यांना या पुराव्यात कुठेही आधार नाही. वर सांगितलेल्या चाचण्यांत एकही निरोगी माणूस नव्हता. निरोगी माणसाने श्वसनाच्या आरोग्यासाठी म्हणून ती रोज घ्यावी, याला मला काहीही कारण दिसत नाही, आणि धूम्रपान चालू ठेवून त्याची भरपाई या कॅप्सूलने होईल अशी आशा बाळगणे तर स्वतःच्या फुफ्फुसांवर अन्याय करणारे आहे.

सीओपीडीच्या ज्या रुग्णाला ही कॅप्सूल घेऊन पाहायची आहे त्याने थंडी सुरू होण्याच्या सुमारास, डॉक्टरांच्या संमतीने सुरुवात करावी आणि सहा महिन्यांची मुदत धरावी. सुरू करण्यापूर्वी मागच्या वर्षी कितीदा प्रकृती बिघडली, कितीदा प्रतिजैविके किंवा स्टेरॉइडचा कोर्स घ्यावा लागला, कितीदा रुग्णालयात जावे लागले, हे लिहून ठेवावे, आणि या वर्षीचीही तशीच नोंद ठेवावी. छाती मोकळी वाटते की नाही यापेक्षा ही नोंद अधिक खरे सांगेल. इनहेलर, लस आणि चालण्याचा व्यायाम यांत खंड पडू देऊ नये. धाप एकाएकी वाढली, ओठ निळसर दिसू लागले, कफात रक्त आले, ताप उतरेना किंवा खोकला तीन आठवड्यांपलीकडे लांबला, तर तेव्हा प्रश्न कॅप्सूलचा उरत नाही. लगेच तपासणी करून घ्यावी. सहा महिन्यांनी दोन्ही वर्षांच्या नोंदी डॉक्टरांसमोर ठेवाव्यात, आणि त्यांत फरक दिसत नसेल तर कॅप्सूल बंद करावी.